सात नंबरनं ओ दिली

ज्याला हे खोटं वाटंल त्यानं उदगीरला येऊन खाजाला विचारावं. तो सांगणार न्हाई, उठून जाईल. पण त्याचं तोंड बघूनच कळंल.

दोन हजार सोळाचा एप्रिल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. इकडं उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून नुसती बोंब, अन् प्यायला घोटभर पाणी न्हाई. जवळच्याच एका गावात, भर दुपारी हे घडलं.

खाजा तिथं पाण्याची ऑटोमॅटिक यंत्रणा बसवत होता. वरच्या टाकीपाशी मास्टर डबी, जमिनीतल्या हौदात स्लेव्ह डबी, मधे वायर. शाळेतल्या हजेरीसारखंच सगळं. मास्टरनं नंबर पुकारायचा, त्याच नंबरच्या स्लेव्हनं उत्तर द्यायचं. न पुकारता चकार शब्द काढायचा न्हाई. हौदाचा नंबर सात. सातनं 'रिकामा' सांगितलं की वरचं पाणी आपोआप खाली सुटणार.

सातची डबी तर खाजाच्या हातात होती, वायर न जोडलेली. म्हणून मास्टर चालू ठेवूनच तो बिनधास्त हौदात उतरला. वर, गावाला पाणी सोडायचं काम करणारे शिवमूर्ती अप्पा होते.

तो वायर सोलत बसला...

अन् उजेड गेला.

लोखंडी झाकण बसलं. वर कुलूप खटकलं. पाणी चोरीला जायचं म्हणून तवा हौदांना कुलपं असायची.

"अप्पा! मी आत हाय!"

वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या टँकरचं इंजिन घरघरत होतं. कोण ऐकतंय!

मग पाइपात खळखळ झाली...

पाणी धो धो कोसळायला लागलं.

खाजानं मूठ चाचपली. डबी हातात, वायर सुटी. मग मास्टरला 'रिकामा' म्हणालं कोण?

त्यानं मोबाइलची बॅटरी लावली. वायरचं सुटं टोक पाण्याखाली... ताणलेलं होतं. कोणी तरी धरल्यासारखं.

तो शिडी चढला. पाणी मागोमाग. छाती. गळा. पक्कडीनं झाकण बडवत होता अन् रडत होता.

हनुवटीपाशी पाणी थांबलं. त्या दिवशी टँकर अर्धाच आला होता. ज्या दुष्काळाला अख्खं गाव शिव्या घालत होतं, त्यानंच पोराला वाचवलं.

टँकर गेला, तवा कुठं अप्पांना ठोकणं ऐकू आलं. झाकण उघडलं.

"न बघताच कुलूप घातलंत? मेलो असतो ना अप्पा मी!"

अप्पांनी कपाळावर हात मारला.

"आतल्या अंधारात दिसत न्हाई बाबा मला, पण हाका मारल्या ना! 'खाजाभाई, कुठं हायेस?' टाकीच्या मागून तुझाच आवाज आला. म्हणलास, 'बाहेरच हाय अप्पा... लावा कुलूप.'"

दोघांनी मास्टरच्या स्क्रीनकडं बघितलं. हौद गळ्यापर्यंत भरलेला, डबी खाजाच्या मुठीत, अन् सात अजून सांगतच होता...

रिकामा.

खाजानं ते काम सोडलं. आता मोबाइल दुरुस्त करतो. त्याची बायको दिलशाद आतून हाक मारते, तर हा लगेच बोलत न्हाई. श्वास रोखून ऐकत बसतो... आपल्या आधी दुसरं कोणी 'ओ' देतंय का.

मी बी त्याला नावानं हाक मारायचं सोडलंय. जवळ जाऊन खांद्याला हात लावतो.