कडेची वजाबाकी

प्रतिमाशास्त्र प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर रेजिना लोपीसचा चेहरा होता. चेहऱ्यामागचं सगळं दृश्य पुसलेलं. ते पुसणारी ‘मृदुकड’ प्रणाली शर्वाणी केळुसकरची.

रेजिना परिचारिका. रुग्णांच्या नकळत त्यांची मूत्रपिंडं काढून विकणाऱ्या टोळीविरुद्ध ती साक्ष देणार होती. पोलिसांनी तिला लपवून ठेवलं, तशी ती मेल्याची आवई उठली आणि बाकीचे साक्षीदार कच खाऊ लागले. म्हणून चौकशी आयोगाने कालच, ती लपलेल्या घराबाहेर काढलेला तिचा ताजा फोटो प्रसिद्ध केला होता.

“सर, मागचं दृश्य गेलेलंच नाही,” शर्वाणी म्हणाली.

तिचे वरिष्ठ, गणिती इक्बाल नाईकवडी, खुर्ची ओढून जवळ आले. “म्हणजे?”

“ही बट बघा. केस फोटोच्या एका ठिपक्यापेक्षा, पिक्सेलपेक्षा बारीक. त्या ठिपक्यात थोडा केसाचा रंग, थोडा मागच्या भिंतीचा. चेहरा कात्रीने कापल्यासारखा दिसू नये म्हणून मी असे ठिपके अर्धपारदर्शक ठेवले. पण त्यांच्यात मिसळलेला भिंतीचा रंग काढायचा राहिला.”

“मग केसाचा वाटा वजा केला, की भिंत उरणार.”

“केसाचा खरा रंग ठाऊक असेल तर. मी अंदाजाने करून पाहिलं.”

तिने कळ दाबली. रेजिनाचे कुरळे केस वाऱ्याने पसरले होते. हजारो बटांमधून एक धूसर चित्र जुळून आलं. पिवळट भिंत, निळं दार, दारावर पाटीसारखं काहीतरी.

“यावरून घर सापडायचं नाही,” नाईकवडी म्हणाले. “पण धोका नको. मूळ फोटो आपल्याकडे आहे. भिंतीचा अंश काढून प्रत्येक ठिपक्यात शुद्ध केसाचा रंग भर आणि फोटो बदलून टाक.”

अकरा वाजता आयोगाच्या संकेतस्थळावर नवा फोटो चढला. शर्वाणीने पुन्हा तीच कसोटी लावली. भिंत नाही, दार नाही. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

नाईकवडी मात्र फळ्यापुढे उभे होते. त्यांनी एक समीकरण लिहिलं, त्याखाली दुसरं, आणि खडू हातात तसाच राहिला.

“शर्वाणी, जुना फोटो किती जणांनी उतरवून घेतला होता?”

“सतराशेच्या आसपास. का?”

“त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. केसाचा खरा रंग. तो आता आपण दिलाय.”

शर्वाणीने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि जुन्यातून नवा वजा केला. या वेळी धूसर काही नव्हतं. निळ्या दारावरची पाटी स्वच्छ वाचता येत होती. घराचं नाव, खाली गावाचं.

रेजिनाच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या पोलीस निरीक्षक धुमाळांना तिने फोन लावला. “रेजिनाबाईंना तिथून हलवा. आत्ताच्या आत्ता.”

“अहो मॅडम, तुम्ही फोटो बदललात ना? मग कसली भीती?”

“बदलला म्हणूनच!”

पलीकडे धुमाळ कुणावर तरी ओरडल्या आणि फोन बंद झाला.

पन्नास मिनिटं गेली. फोन वाजला तेव्हा शर्वाणीला तो उचलवेना, नाईकवडींनी उचलला.

“बाई आमच्या गाडीत आहेत,” धुमाळ म्हणाल्या. “आम्ही निघाल्यावर वीस मिनिटांनी टोळीचे दोघं दारात आले. मागे ठेवलेल्या माझ्या माणसांनी धरलं. एकाच्या खिशात त्या दाराचं चित्र निघालं.”

शर्वाणीने डोळे मिटून घेतले.

“अजून एक,” धुमाळांचा आवाज अवघडला. “लपवून ठेवलेल्या उरलेल्या सव्वीस साक्षीदारांचे फोटोही याच प्रणालीतून प्रसिद्ध झालेत. ते लगेच शुद्ध करून द्या, असा आयोगाचा आदेश आलाय.”

शर्वाणीने नाईकवडींच्या हातून फोन घेतला.

“त्या फोटोंना कुणीही हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “माझी चूक आहे, ती तशीच राहू द्या. त्या चुकीच्या आडोशालाच सव्वीस घरं उभी आहेत. तुम्ही आधी माणसं हलवा.”