रिकाम्या खुर्च्यांवरचे माईक

त्या वर्षी गर्दी तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं. ऐकायला मोठं वाटतं, प्रत्यक्षात एका टेबलाशी बसून बटणं दाबायची. अडथळ्यांच्या शर्यतीचा आमचा कार्यक्रम टीव्हीवर बरीच वर्षं चालू होता आणि साथ आली म्हणून वाहिनी तो बंद ठेवायला तयार नव्हती. लोक घरात कोंडलेले, त्यांना बघायला काहीतरी हवंच. पण हॉलमध्ये प्रेक्षक आणायला बंदी. मग आवाज आणायचा कुठून? मी जुन्या ध्वनिमुद्रणातून टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या आणि कुणी पडलं की निघणारं ते लांबलचक ‘अरेरे’ असे तुकडे कापून ठेवले होते. एकेका बटणावर एकेक भावना. दिग्दर्शक कानात म्हणायचे, “गर्दी दे,” की मी द्यायचे. इतकी आज्ञाधारक गर्दी कुणी पाहिली नसेल.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. मधोमध पाण्याची लांब टाकी, तिच्यावर अडथळे: डुगडुगणाऱ्या फळ्या, लोंबत्या कड्या, दोरांचं जाळं आणि शेवटी बोटांच्या टोकांवर चढायची उभी भिंत. एका बाजूला प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या रांगा, माणूस उठला की बैठक फटकन वर मिटते तसल्या. त्यांच्यावर प्लॅस्टिक घालून ते दोऱ्यांनी आवळून बांधलं होतं. खुर्च्यांवर छताला टांगलेले माईक मात्र तसेच राहिले. ते उतरवायला शिडीवाल्यांची मोठी टोळी लागते आणि एवढी माणसं एकदम आत घ्यायची नाहीत असा नियम होता. मीही ते चालूच ठेवले. बंद केले की सगळा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. रिकाम्या जागेलाही स्वतःचा एक बारीक आवाज असतो, तो खाली अंथरावा लागतो. आमच्या धंद्यातली ही जुनी सवय, त्यावर मी कधी विचारही केला नव्हता.

आम्ही सगळे शेजारच्या हॉटेलात कोंडलेले होतो. हॉटेल ते हॉल, हॉल ते हॉटेल, आणि मधल्या वेळात नाकात काडी. बाहेरगावच्या स्पर्धकांना प्रवासाची परवानगी मिळेना, म्हणून जवळपासच्यांना संधी दिली गेली आणि त्यात माझ्या धाकट्या भावाचा नंबर लागला. मी त्याला माकड म्हणते. व्यायामशाळा बंद झाल्यावर याने घरातल्या दरवाजाच्या चौकटीला लोंबकळून लोंबकळून ती खिळखिळी केली होती. निघताना आई मला म्हणाली होती, “तो काही ऐकायचा नाही. तूच लक्ष ठेव.” जसं काही मी बटणांऐवजी खाली जाळं धरून उभी राहणार होते.

सुरुवात एका पोस्टमनपासून झाली. कडीवरून त्याचा हात सुटला, तो पाण्यात पडला, मी ‘अरेरे’च्या बटणाकडे बोट नेलं आणि थांबले. ‘अरेरे’ येऊन गेलं होतं.

आपणच सवयीने दाबलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. दुपारच्या सुट्टीत ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. आधी ‘अरेरे’ आलं. मग कडी वाजली. मग पाणी.

आवाज एका तारेतून दुसऱ्या तारेत झिरपतो हे मला माहीत आहे, त्यानेच माझे निम्मे केस पांढरे केलेत. पण झिरपलेला आवाज बरोबर तरी येतो नाहीतर उशिरा येतो. लवकर कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटणांच्या पेटीची तार काढून बाजूला ठेवली आणि नुसते छताचे माईक ऐकत बसले. एक शिक्षिका फळ्यांवरून सुरेख पळत होती. तिचा पाय अजून तिसऱ्या फळीवर ठाम होता तेव्हा माझ्या कानात पुष्कळ लोक एकदम हळहळले. पुढच्याच फळीवर ती घसरली.

मी हेडफोन काढला. हॉलमध्ये पाण्याच्या पंपाची घरघर तेवढी होती. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक जागच्या जागी होतं.

दिग्दर्शकांना ऐकवलं तर ते खूश झाले. “आधी येतंय ना? मग येऊ दे की. प्रेक्षकांना आधीच धाकधूक लागते.”

“सर, हे मी टाकलेलं नाही.”

“मग कुणी टाकलं?”

“कुणीच नाही.”

“तू झोपत जा जरा,” ते म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

पुढच्या दिवसांत मला माईकमधल्या त्या लोकांची सवय होत गेली, हे लिहायला नको वाटतं पण खरं आहे. नुसता एकसंध गलका नव्हता तो. कुणी शेजाऱ्याला सरकून बसायला सांगत होतं. कुणाचं तरी मूल काहीतरी विचारत होतं आणि त्याला गप्प केलं जात होतं. प्लॅस्टिकवर कूस बदलल्याची सळसळ यायची. एकदा कुणीतरी खोकलं, कोरडं, दाबून धरलेलं, आणि मी खुर्चीतून उडालेच. त्या दिवसांत खोकला ऐकला की आपोआप मागे सरकायला व्हायचं. मी वळून पाहिलं. हॉलमध्ये कुणाचंही लक्ष विचलित झालं नव्हतं.

मग अग्निशमन दलातल्या एका बाईची पाळी आली. धिप्पाड, हसरी, सगळ्यांची आवडती. ती दोरांच्या जाळ्यावर होती. या वेळी ‘अरेरे’ आलं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला, लांब, आणि तो सोडलाच नाही. मी माझ्या टेबलासमोरच्या काचेतून तिच्याकडे पाहत राहिले. ती छान चढत होती. तिने वर बघून हातही हलवला. मग तिचा पाय जाळ्यात अडकला, ती उलटी फिरली आणि पाण्याऐवजी टाकीच्या काठावर आपटली. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, मान थोडक्यात वाचली.

‘अरेरे’ म्हणजे पाणी. श्वास म्हणजे टाकीचा काठ. एवढी भाषा मला समजली आणि त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. अंतिम फेरीत माझं माकड पोचलं होतं.

शर्यतीच्या सकाळी मी अडथळे उभारणाऱ्या फोरमनना गाठलं. “काका, भिंत एकदा बघाल?”

“सकाळीच बघितलीय, बाई.”

“पुन्हा बघा. माझ्यासाठी.”

ते कुरकुरत वर चढले. एकेक खुंटी हातोडीने ठोकून पाहिली, तिला लोंबकळून पाहिलं, खाली उतरले. “हत्ती चढवला तरी हलणार नाही,” ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यात काही खोट नव्हती आणि त्यामुळे मला जास्तच कसंतरी झालं.

भाऊ अंतर राखायला बांधलेल्या दोरीपलीकडे हातांना खडूची पूड चोळत उभा होता. दोरी ओलांडायची नाही, असा नियम.

“आज नको धावूस,” मी म्हटलं.

“का? पत्रिकेत लिहिलंय?”

“मला भीती वाटते.”

त्याने मास्कच्या वरून माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, मी एवढे महिने चौकटीला लटकून काढलेत. आईने मला बिऱ्हाडासकट बाहेर काढायचं तेवढं बाकी होतं. आता भीती वाटते म्हणून घरी जाऊ?” मग जरा मऊ होऊन म्हणाला, “पडलो तर खाली पाणी आहे गं.”

मी माझ्या जागी जाऊन बसले.

तो निघाला आणि खुर्च्यांनी हॉल डोक्यावर घेतला. माझी पेटी बंद होती. तो सगळा जल्लोष त्यांचा होता. फळ्या त्याने हसत पार केल्या. कड्यांवर तो असा झुलला की माझ्याही तोंडून ‘वा’ निघून गेलं. ते टाळ्यांचा ठेका धरत होते, त्याच्या प्रत्येक उडीला एक टाळी, आणि क्षणभर मला त्यांचं फार बरं वाटलं. आपल्या पोराचं कौतुक कुणाला नको असतं?

जाळं संपलं. तो भिंतीसमोरच्या फळीवर उभा राहिला, हात झटकले.

टाळ्या थांबल्या.

मग खुर्च्यांचा आवाज आला. फट, फट, फट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बैठका वर मिटत गेल्या. सगळे उभे राहत होते. कुणाला तरी निरोप देताना राहतात तसे.

त्याने पहिल्या खुंटीला हात घातला.

भोंगा माझ्या टेबलावर असतो. भोंगा वाजला की स्पर्धकाने असेल तिथे थांबायचं आणि फळीवर परत यायचं, मग कारण काही असो. तो वाजवायचा हुकूम फक्त दिग्दर्शकांचा. मी हुकमाची वाट पाहिली नाही.

तो थांबला. खाली उतरला. माझ्या काचेकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. भिंत पुन्हा तपासली, काहीही निघालं नाही. त्याचे हात एव्हाना गार पडून आखडले होते, पुन्हा धावायची संधी वाहिनीने नाकारली, आणि सख्ख्या बहिणीने भोंगा वाजवला म्हटल्यावर कुणी त्याची बाजूही घेईना. दिग्दर्शक माझ्यावर ओरडले नाहीत. हेडफोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, “तू खोलीवर जा.” माझी खोली पहिल्या मजल्यावर होती, भावाची पाचव्या. लिफ्ट साथीमुळे बंदच होती. जिना नुकताच जंतुनाशकाने धुतला होता, चपला सटकत होत्या. मी कठडा धरून वर आले, दार लावलं आणि खुर्चीवर बसून पोटभर रडले. पण रडताना जीव भांड्यात पडला होता. त्याचं स्वप्न मोडलं, माझी नोकरी बहुतेक गेली, आणि माझं माकड धडधाकट जमिनीवर होतं. माझ्या मते सौदा स्वस्तात झाला होता.

खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. फोन वाजला. तोच होता.

म्हणाला, “आईला काय सांगायचं?”

“मी सांगते. माझंच चुकलं म्हणून सांगते.”

“का केलंस पण?”

मी सांगायला लागले. खुर्च्या, माईक, पोस्टमन, सगळं. तो हसला नाही. मध्येच म्हणाला, “ताई, टीव्ही बारीक कर ना, तुझं नीट ऐकू येत नाहीये.”

“टीव्ही बंद आहे.”

“मग एवढी माणसं कुठली आहेत तुझ्याकडे?”

मी खोलीभर पाहिलं. पलंग, टेबल, पडदा, माझी बॅग.

“काय करतायत ती?” मी विचारलं.

“कुजबुजतायत. पुष्कळ आहेत गं.” तो ऐकत होता, ते मला कळत होतं. “आता गप्प झाली. आणि खुर्च्यांचा आवाज येतोय. फट, फट. ताई, उभी राहिलीत वाटतं सगळी. ताई, तू बरी आहेस ना?”

मी फोन कानाशी तसाच धरून भिंतीला पाठ लावली.

“जागची हलू नकोस,” तो म्हणाला. “आलोच मी.”

“नको. अरे, सावकाश. धावू नकोस.”

फोन त्याने पलंगावर टाकला असावा. दार आपटलं.

मी धडपडत माझं दार उघडलं आणि जिन्याशी गेले. वरून त्याची पावलं ऐकू येत होती. दोन-दोन पायऱ्या एकदम, तसाच ठेका, हलका, मजेत धावल्यासारखा. मी ओरडले. माझा आवाज जिन्यात घुमून माझ्याकडेच परत आला.

चौथा मजला. तिसरा.

माझ्या पाठीमागे, उघड्या दारातून, त्या रिकाम्या खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

पावलं अजून खाली येत होती.