वर पाहिलं की चालणारा कॅमेरा

या पोरांनो, सतरंजीवर आणखी पुढे सरका. कीर्तनात पुढे बसणाऱ्याला बुक्का आधी लागतो आणि प्रसादही आधी मिळतो, तसंच गोष्टीचं आहे. आज ऐकवायची आहे एका हट्टी कॅमेऱ्याची हकिकत. देवाचं नाव घेऊ या आणि सुरू करू या.

चिचगडच्या मंदिरात कार्तिकातला सप्ताह चालू होता. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, आणि इकडे दामिनीच्या अंगणात तिचा हिमांशूमामा डोक्याला हात लावून बसला होता.

"घर्र... टक्." एवढं बोलून कॅमेरा गप्प झाला.

"पुन्हा गेला?" दामिनीने विचारलं.

"गेला."

कॅमेरा साधासुधा नव्हता. खऱ्या फिल्मवर हलतं चित्र घेणारा, मामाच्याही जन्माआधीचा. धरायला पिस्तुलासारखी मूठ, मुठीच्या पोटात चार पेन्सिल सेल. घोडा दाबला की आत मोटर फिरायची आणि फिल्म पुढे सरकायची. मामा पुण्याला सिनेमा शिकत होता. दसऱ्यानंतर त्याने हा कॅमेरा देवरीच्या दुर्गाप्रसादांच्या फोटो स्टुडिओतून जुना विकत घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल होता ना? होता. पण सुलोचनाबाईंना चालत नव्हता.

सुलोचनाबाई म्हणजे या सप्ताहाचा प्राण. नऊवारीचा पदर खोचून त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या की रडकं पोरही रडायचं विसरे. दामिनी दुसरीत असल्यापासून त्यांच्या मागे उभी राहून टाळ वाजवायची. मागच्या वर्षी बाई अभंगाची एक ओळ विसरल्या. कुणीतरी मोबाइलवर नेमका तेवढाच तुकडा कापला, त्याला खिदळण्याचा आवाज जोडला आणि गावोगाव पाठवला. त्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं, "माझ्यासमोर आता फोन धरू नका."

आणि आता बाईंचे गुडघे थकले होते. उद्याचा काला त्यांचा शेवटचा. मामाने हात जोडले तेव्हा त्या या फिल्मच्या कॅमेऱ्याला तेवढ्या कबूल झाल्या, तेही एका अटीवर. "फिल्म मंदिराच्या भिंतीवर दाखवायची, सगळ्या गावासमोर. पुरी दाखवायची. तुकडे करून नाही."

कॅमेरा चालला नाही, तर बाईंचं म्हणून जगात काय उरणार होतं? तो खिदळणारा तुकडा.

सप्ताहाच्या पंगतीचे फोटो काढायला आलेले दुर्गाप्रसाद तेवढ्यात फाटकातून आत शिरले. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून हलवला.

"मोटर जल गई, भाऊ. पुराना माल है. किती दिवस चालेल?"

"काका, तुम्ही उघडून पाहिलं?" दामिनी म्हणाली.

"बेटा, तीस साल का तजुर्बा है. आपण ऐकूनच सांगतो."

"मग तुमचा वीज तपासायचा मीटर द्या ना थोडा वेळ."

"मीटर काय खेळणं आहे?" असं म्हणत ते पंगतीचा वास घेत निघून गेले. आणि मामा, पुण्याला शिकणारा मामा, त्यानेही मान डोलावली आणि कॅमेरा पिशवीत भरायला घेतला.

तेवढ्यात दामिनीचा मित्र संघदीप आणि त्याची बहीण रश्मी आली.

"मामा, तोंड पाडून काऊन बसले?" संघदीपने विचारलं.

"मोटर जळली म्हणे."

रश्मीने कॅमेरा उचलून नाकाशी नेला. "जळलेली मोटर वास मारते, मामा. आमचा पंखा जळला तं दोन दिवस घरात बसवत नव्हतं. याले तं नुसता जुन्या ट्रंकेचा वास येऊन राहिला."

"काका ऐकून सांगतात, ही हुंगून सांगते," दामिनी म्हणाली. "आपण आता पाहूनच घेऊ."

संघदीपचे बाबा जयंतीच्या मिरवणुकीला दिव्यांच्या माळा लावायचे, आणि संघदीप त्यांच्या मागे वायर धरून फिरायचा. तो म्हणाला, "बाबा एका टोकापासून पाहत जाते. आधी वीज आहे का, मंग ती कुठवर पोचते, मंग कुठं अडते. उगाच इथंतिथं हात नाही घालत."

त्याने सायकलच्या डायनामोचा बल्ब काढून आणला, त्याला दोन वायरी जोडल्या. चारही सेल बांबूच्या चिरलेल्या नळीत रांगेने बसवले आणि वायरी दोन्ही टोकांना टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला.

"सेल ठीक," रश्मी म्हणाली.

मग तेच सेल मुठीत भरले. आतल्या पट्ट्या जिथून मोटरकडे जात होत्या, तिथे दामिनीने वायरींची टोकं धरली. बल्ब नुसता मिणमिणला.

"म्हणजे वीज मुठीतच अडते आहे," मामा पुढे सरकत म्हणाला. आता त्याचाही चेहरा बदलला होता.

संघदीपने सेल पुन्हा नळीत ठेवले आणि दोन वायरी मुठीबाहेरूनच थेट त्या पट्ट्यांवर टेकवल्या. दामिनीने घोडा दाबला.

घर्रर्रर्र.

न थांबता, न अडखळता मोटर गात राहिली.

"मेलेली मोटर मस्त बोलून राहिली," संघदीप म्हणाला.

दामिनीने टॉर्च मारून मुठीत डोकावलं. सेल जिथे टेकतात त्या पितळी पट्टीवर हिरवट थर बसला होता, वापरात नसलेल्या ताम्हनावर चढतो तसा. मग काय विचारता? घरात ताम्हन घासायची पाळी तिचीच असे. ती चिंचेचा कोळ घेऊन आली. रश्मीने दात घासायच्या जुन्या ब्रशला इवलासा कोळ लावून पट्टी घासली, ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुन्हा पुसली आणि मूठ उन्हात ठेवली. सेल आत गेले, घोडा दाबला. कॅमेरा चालू.

"झालं," संघदीप हात झटकत म्हणाला. "चला, पंगतीले जाऊ."

"सगळीकडून चालवून पाहू या की," दामिनी म्हणाली.

"चालून राहिला ना? अजून काय पाहतं?"

आणि पोरांनो, इथे आपली हुशार मंडळीही चुकली.

सकाळी मंडप भरला. मामाने तिवईवर कॅमेरा चढवला. आधी मंदिराच्या कळसाकडे वळवून पाहिला तर छान चालला. मग खाली, बाई उभ्या राहायच्या त्या जागेकडे वाकवला.

टक्. बंद.

पुन्हा कळसाकडे. चालू. पुन्हा खाली. बंद.

मृदंगावर पहिली थाप पडली. शेजारी उभे असलेले दुर्गाप्रसाद हसले. "बोललो होतो ना? जिद्द मत करो, बेटा."

मामा घोडा पुन्हा पुन्हा दाबत राहिला. दामिनीला टाळ घेऊन उभं राहायचं होतं, पण ती कॅमेऱ्याजवळच थांबली. तिने डोळे मिटून क्षणभर विठ्ठलाला आठवलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मोटर तीच, सेल तेच, पट्टी स्वच्छ. बदलतंय ते एकच. वर पाहिलं की चालतो, खाली वाकला की थांबतो. म्हणजे वाकवल्यावर आत काहीतरी घरंगळतंय."

"काल तं नव्हतं घरंगळत," संघदीप म्हणाला.

"काल अडकलेलं असेल. आपणच घासून सोडवलं असेल."

रश्मीने सेल काढले, मूठ कानाशी धरली आणि हळूच हलवली. "हाय. बारीक काहीतरी हाय."

दामिनीने ओंजळ पुढे केली. रश्मीने मूठ उलटी करून दोन टिचक्या मारल्या, आणि ओंजळीत पडला एक दाणा. तांदळाचा, कुंकवाने लाल झालेला.

"ही तर अक्षता," दामिनी म्हणाली.

तिघांनी आणि मामाने एकाच वेळी दुर्गाप्रसादांकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं.

"अरे, दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा करतो ना मी," ते चाचरत म्हणाले. "हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी..."

"पण आत कशी गेली?"

"झाकण उघडून वाहतो बेटा, दरसाल. कृपा अंदर तक जानी चाहिए, म्हणून."

"काका," रश्मी गंभीरपणे म्हणाली, "कृपा झाकण लावलं तरी जाते. नारळाचं पाणी तेवढं उघडं लागते."

आता उलगडा झाला. दरसालच्या शिंतोड्यांनी पट्टी हिरवी पडली होती, आणि कॅमेरा वाकवला की हा दाणा पट्टी आणि सेलचं टोक यांच्या मधोमध येऊन बसत होता. दुर्गाप्रसादांनी दोन्ही कान पकडले. मग स्वतःहून तिवई घट्ट धरून उभे राहिले, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून.

सेल आत गेले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, या खेपेला संघदीपने एकही दिशा सोडली नाही. मामाने फिल्म भरली आणि दामिनी टाळ घेऊन धावली.

फिल्म होती जेमतेम तीनेक मिनिटांची. मामा थांबला, थांबला. बाईंनी कृष्णाच्या सवंगड्यांची शिदोरी एकत्र कालवली, सगळा मंडप उभा राहिला, हंडीला काठी लागणार एवढ्यात दुखरे गुडघे विसरून बाई नाचू लागल्या. तेव्हा मामाने घोडा दाबला. टाळांच्या कल्लोळातही रश्मी कॅमेऱ्याला कान लावून उभी होती. घर्रर्रर्र चालू होतं. हंडी फुटली, दह्यालाह्यांचा पाऊस पडला आणि फिल्म संपली.

काला वाटण्याआधी बाईंनी पोरांना पुढे बोलावलं. सगळी हकिकत त्यांच्या कानी गेली होती.

"मायबाप हो," त्या भर मंडपात म्हणाल्या, "थोरांनी आवाज ऐकला आणि मशीन मेलं म्हणून मोकळे झाले. या लेकरांनी ते जिवंत आहे असं धरून शोध घेतला. माणसाच्या बाबतीतही असंच वागत जा." मग त्यांनी तिघांच्याही हातांवर स्वतः काला ठेवला.

पुढे फिल्म मुंबईला धुवायला गेली आणि परतली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी मंदिराच्या भिंतीवर पांढरा कपडा टांगला. सुलोचनाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. भिंतीवर त्या नाचत होत्या, पूर्ण, अखंड, एकही तुकडा न कापलेल्या. फिल्मला आवाज नव्हता, पण आख्ख्या गावाने टाळ्यांवर गजर धरला. बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हिमांशू, आणखी एकदा लाव बाबा."

तेव्हा पोरांनो, कधी कुठे काल्याचं कीर्तन ऐकाल, हातावर दह्यालाह्यांचा घास येईल, तेव्हा तो तोंडात टाकण्याआधी चिचगडच्या सुलोचनाबाईंची एकदा आठवण काढा. विसरलेल्या ओळीची नाही, त्या नाचल्या त्याची.