दुसरा स्पर्श

"माणसं दिसताहेत," शांतवन म्हणाला, "पण झाडांसारखी. झाडंच चालताहेत जणू."

जन्मांध शांतवन बेकरीत पीठ मळायचा. झाड त्याला ठाऊक होतं ते कवेत घेऊन. डॉ. रेवती नगरकरनं बसवलेलं कृत्रिम नेत्रपटल चालत होतं, तरी पुढ्यात उभी असलेली बायको त्याला ओळखू येईना.

"बघा की नीट," कृपा म्हणाली. "इतकी वर्षं न बघता माझ्या रूपाचं कौतुक केलंत, आता झाली ना पंचाईत?"

शांतवन हसला. रेवतीची नजर संगणकाच्या पडद्यावर होती. त्याचा मेंदू तो प्रकाश गोंगाट समजून बाहेर ढकलू लागला होता. संध्याकाळपर्यंत हे दार कायमचं बंद होणार होतं.

ती शेजारच्या खोलीत गेली. तिथे उजगरेसर बायबलची भाषांतरं पसरून बसले होते. प्राचीन भाषांचे अभ्यासक आणि प्रयोगशाळेच्या नीतिसमितीचे प्रमुख. त्यांच्या संमतीशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं.

"शांतवन आत्ता जे बोलला, तेच मार्कच्या शुभवर्तमानातला आंधळा बोलतो," ते म्हणाले. "मग येशू त्याला पुन्हा हात लावतो आणि त्याला स्पष्ट दिसतं. ज्याच्या एका शब्दानं वादळ थांबतं, त्याला दोनदा हात का लावावा लागला? मराठी, इंग्रजी, लॅटिन, सगळी भाषांतरं ताडून पाहिली. स्पर्श दोनच."

"कारण कामं दोन आहेत, सर. पहिल्या स्पर्शानं डोळे मिळाले, पाहणं नाही मिळालं. तान्हं बाळ रंगांच्या डागांतून चेहरे वेचायला शिकतं. शांतवनचं ते वय गेलं. म्हणून दुसऱ्या कोणाचं तरी शिकलेलं पाहणं त्याच्या मेंदूत उतरवायचं. दृष्टिसंस्कार म्हणतो आम्ही त्याला."

"कोणाचं पाहणं?"

"माझं. पूर्ण नोंद फक्त माझ्याच मेंदूची झालीय."

सरांनी दोन पुस्तकं तिच्यापुढे सरकवली. "मग शेवट बघा. येशू त्याला घरी पाठवतो, पण म्हणतो, गावात जाऊ नकोस. काही भाषांतरांत आणखी एक वाक्य आहे, गावात कोणाला सांगूही नकोस. सांगू नको, हे समजतं. पण घरी जा आणि गावात नको? जुनं हस्तलिखित नकलणाऱ्यालाही ते झेपलं नसावं, म्हणून त्यानं सोपं केलं, असं मला वाटतं. डॉक्टर, हे कळेपर्यंत थांबू या."

"तोवर त्याचे डोळे जातील! एका ओळीपायी?"

"मॅडम," बाहेरून कृपाची हाक आली, "अहो, ह्यांची झाडंसुद्धा विझायला लागलीत!"

सरांनी पुस्तकं मिटली आणि होकारार्थी मान हलवली.

संस्कार उतरला. शांतवननं डोळे उघडले. खिडकी, पेला, आभाळ, एकेक ओळखत गेला. कृपा पुढे झाली. परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीनं पाहून त्यानं नजर वळवली.

मग त्याला रेवती दिसली.

तो उठला. त्यानं स्वतःचा गाल चाचपला आणि दाढीचे खुंट हाताला लागताच दचकला.

"हा तर मी!" रेवतीकडे बोट दाखवून तो ओरडला. "मी तिथे उभा आहे! मग इथे कोण बोलतंय?"

रेवतीच्या लक्षात आलं. जन्मभर आरशात पाहून शिकलेला चेहरा! पाहण्याबरोबर तोही शांतवनकडे गेला होता. ओळखीचं कोण, परकं कोण, सगळं तिचंच त्याच्यात उतरलं होतं. बेकरीतले सोबती, चर्चमधली मंडळी, हार घेऊन वाट पाहणारा अख्खा गाव... त्यांतलं एकही तोंड त्याला आपलं वाटणार नव्हतं.

"गावात नको," उजगरेसर पुटपुटले. "पण मग घर कुठलं?"

कृपानं त्यांना बाजूला सारलं आणि आपल्या तळव्यांनी शांतवनचे दोन्ही डोळे घट्ट झाकले. हळूहळू त्याचा श्वास खाली बसला.

"कृपा," तो म्हणाला, "होतीस कुठे तू इतका वेळ?"