अक्षरांची उंची

वारा सुटला होता... माळावरची लाल माती थेट डोळ्यांत शिरत होती. रुमालाआडून बघत आर्सेनिया नगरपालिकेकडे निघाली होती, म्हणून तिला शिडी दिसलीच नाही.

"अहो, जपून! वर माणूस आहे!"

तिनं वर पाहिलं. कोपरापर्यंत रंगलेले हात, कानामागे ब्रश, आणि भिंतीवर भलंमोठं हिरवं पान.

"हे पान पुसावं लागेल," ती म्हणाली.

"धडकलात तुम्ही, आणि शिक्षा मला?"

"गांजाच्या दुकानावर गांजाचं पान काढायचं नाही. इथून शाळेची पोरं जातात. या दुकानांचे परवाने माझ्याकडेच येतात."

"अरे देवा..." तो दोन पायऱ्या खाली उतरला. "आणि हे मेपलचं पान आहे म्हटलं तर?"

"मेपलला सात बोटं कधीपासून फुटली?"

तो मोकळेपणानं हसला. आर्सेनियाला हसू लपवायला रुमालाचा उपयोग झाला.

त्याचं नाव टोबियास लुहान. सान लिबोरियो गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. हे दुकान त्याच्या ओर्लिंडामावशीचं. पाटी मंजूर झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा गावाचा नियम होता, आणि मावशीला तर गावच्या जत्रेआधी दुकान सुरू करायचं होतं.

पुढच्या आठवड्यात भिंतीवर टोपी घातलेला लावा पक्षी आला.

"नामंजूर. पोरं काचेला नाक लावून उभी राहतील."

"म्हणजे तुम्हाला आवडला!"

"आवडला... म्हणूनच नामंजूर."

तेवढ्यात मावशी गरमागरम एम्पनाडा घेऊन बाहेर आली. करंजीसारखे, आत भोपळ्याचं गोड सारण भरलेले.

"नको मावशी. तुमची फाईल माझ्याकडे आहे तोवर पाणीसुद्धा नको."

"निदान वास तरी घ्या," टोबियास म्हणाला.

"वाऱ्यानं आणला तर घेईन."

मावशीनं भाच्याला कोपरानं ढोसलं. "चेष्टा पुरे! याच पाल्यापायी माझा भाऊ तुरुंगात गेला होता, बाई. आता कायदा बदलला, मी भरदिवसा दुकान मांडतेय आणि नगरपालिका फक्त चित्र पुसायला लावतेय. पुसू की! तुम्ही अशाच कडक राहा."

 टोबियास आर्सेनियाकडे असा बघत राहिला, की परत जाताना ती आपल्या ऑफिसचं वळणच चुकली.

तिसऱ्यांदा भिंतीवर फक्त अक्षरं होती. गडद निळी, कडेला सोन्याची बारीक रेघ, आणि 'ओर्लिंडा'मधला 'ओ' नुकत्याच उमलल्यासारखा. आर्सेनिया बघत राहिली... किती वेळ, कोण जाणे.

"काय चुकलं?" त्यानं हळूच विचारलं.

"मी... कळवते."

ऑफिसात जाऊन तिनं ती फाईल तिथल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या, प्रुडेन्सियोकाकांच्या टेबलावर ठेवली. काका खवट म्हणून गावभर प्रसिद्ध होते.

दुसऱ्याच दिवशी टोबियास तणतणत आला. "माझी फाईल त्या म्हाताऱ्याला दिलीत? त्यानं टेप लावली! म्हणे अक्षरं नियमापेक्षा चार बोटं उंच आहेत. आता सगळं पुन्हा रंगवायचं, मावशीची जत्रा हुकली! तुम्ही काल तासभर उभ्या होतात, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला दिसलं नाही."

"तुम्हाला? तुम्हाला तर पानाची बोटं दिसली होती!"

"काल नाही दिसलं." तिचा आवाज बारीक झाला. "मी अक्षरं मोजतच नव्हते. ती काढणाऱ्या हाताचा विचार करत होते. असं झाल्यावर ती फाईल माझ्याकडे ठेवणं बरोबर नव्हतं... म्हणून दिली."

टोबियासचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं टोपी काढली, उगाच पुन्हा घातली.

"म्हणजे... नियमाप्रमाणे आता आपला काहीच संबंध नाही?"

"काहीच नाही."

"मग एक घोट कॉफी?"

मावशीचं दुकान जत्रेनंतर उघडलं. ती दोघांवर आठवडाभर फुगून होती, पण भाच्याला रोज दोन एम्पनाडा बांधून द्यायची. पाटी नियमात बसेपर्यंत टोबियास शिडीवर बसून निळा रंग खरवडायचा आणि आर्सेनिया जेवणाच्या सुट्टीत समोरच्या कट्ट्यावर येऊन बसायची.

"तुम्ही खुशाल खाताय, आणि मी इथे घाम गाळतोय!" एकदा तो वरून ओरडला.

"'तुम्ही' काय?" ती म्हणाली. "खाली ये. तुझा वाटा गार होतोय."