सारख्या वाटण्यांची खाडी

नांदशाच्या खाडीचं कोडं असं होतं, की गावाने दरवर्षी निम्म्या तिसऱ्या (चिखलात राहणारे खाण्याचे शिंपले) चिखलात राखल्या, कुणी काडीची लबाडी केली नाही, आणि तरी खाडी जवळजवळ रिकामी झाली. आता बोला!

शलाका तांडेलची मात्र या कोड्याने झोप उडाली होती. यंदाही तिसऱ्या मिळाल्या नाहीत, तर आई दूरच्या कोळंबीच्या कारखान्यात कामाला जाणार होती आणि शलाकाची रवानगी तालुक्याच्या वसतिगृहात होणार होती.

ती तरातरा आजोबांकडे गेली. आजोबा गणिताचे. खाडीचं प्रतिमान (खऱ्या गोष्टीचं आकड्यांत मांडलेलं सोपं रूप) त्यांनीच केलं होतं. चिखलात फिरून तिसऱ्या मोजणारा खेकड्या नावाचा यंत्रमानवही त्यांचाच.

"आजोबा, तुमचं गणित खोटं निघालं!"

"खोटं नाही गो, अपुरं," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "बस इथे."

त्यांनी भिंतीवर दोन रेषा उजळल्या. "ही निळी तिसऱ्यांची. गेल्या वर्षी उरलेल्यांत नव्या जन्मलेल्या मिळवायच्या, काढून नेलेल्या वजा करायच्या. ही लाल, भावाची. तिसऱ्या घटल्या की भाव चढतो. भाव चढला की माणूस ओंजळभर तिसऱ्यांसाठीही चिखलात उतरतो, आणि त्या आणखी घटतात. याला परिणामचक्र (एकाचा परिणाम दुसऱ्यावर, दुसऱ्याचा फिरून पहिल्यावर) म्हणतात. म्हणून खाडी आणि बाजार एकत्र मांडावे लागतात. मी मांडले. उत्तर आलं, निम्म्या राखा."

"राखल्या की! गावातल्या प्रत्येक बाईने आपापल्या पट्ट्यात निम्म्या राखल्या."

"तिथेच घात झाला."

नांदशाची रीतच तशी होती. खाडीच्या चिखलाचे घरोघरी वाटलेले पट्टे, आणि काही सोडायचं तर सगळ्यांनी सारखं सोडायचं. एकीचा पट्टा बंद नि दुसरीचा चालू, असला अन्याय गावाने कधी खपवून घेतला नव्हता.

"मी अख्ख्या खाडीला एकच आकडा दिला," आजोबा म्हणाले. "कुठे किती, हे विचारलंच नाही."

खेकड्याने डोळे वर काढले. "तिसऱ्या एकमेकींकडे चालत जात नाहीत. नर आपलं बीज पाण्यात सोडतो, मादी अंडी सोडते. दोघं जवळ असली तर गाठ पडते. लांब असली तर सगळं वाहून जातं."

शलाकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे सगळीकडे निम्म्या म्हणजे सगळीकडे विरळ! निम्मे पट्टे पुरते राखले असते तर?"

"तर खाडी जगली असती," आजोबा म्हणाले. "दाटीला एक उंबरठा असतो (त्याच्या खाली गेलं की वाढ थांबून घसरण सुरू होते). आपण सगळीकडून सारखेच त्याच्या खाली गेलो."

म्हणजे चांगलं वागून वाटोळं झालं! शलाकाला रडूच कोसळलं. बऱ्याच वेळाने ती नाक ओढत म्हणाली, "उरलेल्या सगळ्या एकाच पट्ट्यात नेऊन टाकल्या तर?"

खेकड्याने दर वेळी पाऊसपाण्याचे आकडे थोडे बदलून प्रतिमान पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. बहुतेक वेळा निळी रेषा बुडाली. क्वचित एखाद्या वेळी वर आली, तीही काही वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बायका काठावर जमल्या. शलाकाने सगळं समजावून सांगितलं. पारूकाकी उसळलीच. "एवढा भाव चढलाय, आणि माझ्या तिसऱ्या मी दुसरीच्या पट्ट्यात टाकू? आणि ज्या घरचा पट्टा बंद होईल, त्याने काय चिखल खायचा?"

तेवढ्यात शलाकाची आई उठली.

"आमच्या पट्ट्यात टाका. मी हात लावणार नाही."

"आणि तू काय करशील गो?"

"कारखाना आहे की."

शलाकाने धावत जाऊन तिचा हात धरला. "आई, नको! मी चुकून बोलले. बहुतेक वेळा ती रेषा बुडतेच!"

"बहुतेक वेळाच ना?" आई म्हणाली. "मग उरलेली आशाही आपणहून पुसून टाकायची का?"

पारूकाकी पुटपुटत चिखलात उतरली आणि आपल्या पट्ट्यातल्या तिसऱ्या वेचू लागली. मग एकेक करून बाकीच्याही उतरल्या.

सोमवारच्या बसने आई गेली. वसतिगृहात जायला शलाकाला अजून आठवडा होता. शलाका खेकड्याबरोबर आईच्या पट्ट्यावर गेली. खेकड्याने मोजणी केली.

"दाटी उंबरठ्याच्या वर आहे. किंचित."

"आणि आई परत कधी येईल?"

"ते प्रतिमानात नाही."

शलाका तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडली. खेकड्या शेजारी थांबून राहिला. भरतीचं पाणी पायाला लागलं तशी ती उठली. "चल," ती म्हणाली, "आता निळी रेषा नव्याने काढायची. आणि या वेळी कुठे किती, तेही लिहायचं."