रिलिव्हर आल्याशिवाय

लाइट आता तासभर तरी येत नाही. मोबाइल ठेवा खाली, बॅटरी वाचवा, आणि जवळ सरकून बसा. कासारवाडीच्या रोहिदासचं सांगतो. पंधरा वर्षं आम्ही एकाच कंपनी-बसनं जायचो, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपत. त्यानं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही. घालायचंच असतं तर भूत जरा देखणं घातलं असतं.

तर २०२४ सालचा नोव्हेंबर. तेरा तारीख, बुधवार. संध्याकाळी पाचला रोहिदास स्कूटर काढून चिखलीला निघाला, भंगारातला लॅपटॉप आणायला.

लॅपटॉप हवा होता पोरीला, उत्कर्षाला. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसलेली. हिंजवडीच्या एका कंपनीची परीक्षा होती गुरुवारी सकाळी दहाला. घरीच बसून द्यायची, पण स्वतःच्या लॅपटॉपवर. हुकली तर पुन्हा वर्षभर अर्ज करायचा नाही. मैत्रीण साक्षी तिचा लॅपटॉप देणार होती, तो नेमका बुधवारी दुपारी साक्षीचा भाऊ घेऊन गावाला गेला. नव्याचं नाव काढायची सोय नव्हती. रोहिदासची कंपनी बंद पडून आठ महिने झालेले.

चिखलीत सनीचं गोदाम आहे. सनीनं ढिगातून एक जाडजूड काळं धूड उपसलं आणि बाहीनं पुसलं.

"चाकणकडच्या एका प्रेस शॉपमधला हाय, काका, पत्र्याचे नग ठोकायचे तिथला. शॉपला कुलूप लागलं, सगळं उचललं आमी. मशीनवरचे नग मोजायला असायचा. चालू व्हतो, पण पासवर्ड कुणाला म्हाईत न्हाई."

"मग घरी नेऊन काय आरती करू त्याची?"

"पोरीला द्या की. आजकालच्या पोरी मेलेलं उठवत्यात."

घरी बापलेक दोघंच. बायको पूनम भाचीच्या बाळंतपणाला नगरला गेलेली. उत्कर्षानं पेन ड्राइव्ह तयारच ठेवला होता.

"पप्पा, यातलं जुनं सगळं पुसून टाकायचं आणि लिनक्स टाकायचं. फुकट असतं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, मालक कुणीच नाही."

"मालक नाही? मग त्यांचा ओव्हरटाइम कोण मंजूर करतं?"

"तुम्ही चहा करा, पप्पा."

साडेनऊला सुरुवात झाली. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून वायर लावली तरच धूड चालायचं. डिस्क कोरी झाली, नवी सिस्टीम चढली, उत्कर्षानं स्वतःचं नाव टाकलं. पावणेअकराला तो लॅपटॉप असा पळायला लागला की रोहिदास म्हणाला, "हिच्यायला, याला आधी पोटात दुखत होतं काय!"

अकराला तो आपोआप बंद झाला, आणि आपोआप चालू.

पडद्यावर दोन नावं होती. वर उत्कर्षा. खाली नुसता आकडा. ४४१७.

"हे मी टाकलेलं नाही," उत्कर्षा म्हणाली.

तिनं पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा सगळं चढवलं. साडेअकरा वाजले. पुन्हा ४४१७. वैतागून तिनं त्या आकड्यावरच क्लिक केलं. पासवर्ड विचारला नाही. पडदा काळा झाला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली.

तिसरी शिफ्ट. रिलिव्हर नाही.

मिनिटभरानं दुसरी. तिसरी शिफ्ट. रिलिव्हर नाही.

मग तिसरी…

उत्कर्षाला काही कळेना. रोहिदासला मात्र सगळं कळलं. तुम्ही पोरं एसीत बसणारी, तुम्हाला सांगायला हवं. शॉपमध्ये माणसाला नाव नसतं, टोकन नंबर असतो. आणि पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन खांद्यावर दोन थापा मारत नाही, तोवर मशीन सोडायचं नसतं. भूक लागो, घरून फोन येवो. उभं राहायचं.

उत्कर्षानं वायर उपटली.

पडदा चालूच.

"पप्पा… याची बॅटरी मेलीय."

रोहिदासला भीती वाटायला हवी होती. त्याला कीव आली. किती वर्षं उभा असेल हा माणूस? आणि मग त्यानं ती चूक केली. ऑफिसातला कारकून, कॉलेजवाला असली चूक करणार नाही. अंगात युनिफॉर्म मुरलेला माणूसच करणार.

"सरक," तो म्हणाला. खुर्चीत बसला आणि एका बोटानं स्वतःचा जुना टोकन नंबर दाबला. पुढं लिहिलं, रिलिव्हर आला. चार्ज घेतला.

"पप्पा, कशाला?"

"अगं, सुट्टी करून टाकू बिचाऱ्याची. तो घरी गेला की लॅपटॉप मोकळा."

ओळी थांबल्या. बराच वेळ काही नाही. मग दोनच शब्द.

हात सांभाळ.

पडदा उजळला. ४४१७ नव्हता. फक्त उत्कर्षा. ती हसली, रोहिदासही हसला, आणि उठायला म्हणून त्यानं बटणांच्या खालच्या मोकळ्या पट्टीवर दोन्ही तळवे टेकले.

ते निघेनात.

चिकटले नव्हते. दुखत नव्हते. नुसते निघत नव्हते. डावा डाव्या बाजूला, उजवा उजव्या. प्रेसला अशीच दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येतो. आणि आता तळव्यांखाली, खोल कुठंतरी…

ठप्.

ठप्.

"नग पडतोय," रोहिदास पुटपुटला. पोरीचं तोंड पांढरं पडलेलं बघून म्हणाला, "घाबरू नको. सातला पहिली शिफ्ट येते. सातला सुटतो मी."

बोलला आणि त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

उद्या गुरुवार.

आपल्या पट्ट्यात कित्येक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. बुधवारच्या तिसऱ्या शिफ्टला सकाळी रिलिव्हर येत नाही. मशीन बंद करून घरी जायचं असतं. पण अर्जंट माल असला, आणि सुपरवायझर म्हणाला, "चालू ठेव, माणूस पाठवतो," तर?

तर माणूस उभा राहतो. सात वाजतात. तीन वाजतात. अकरा वाजतात. डोळे मिटायला लागतात… आणि प्रेस डोळे मिटत नाही.



रात्र सरली. सात वाजले. कुणी आलं नाही. साडेआठला उत्कर्षा हळूच म्हणाली, "मी घेते चार्ज. माझं नाव टाकते."

जन्मात पहिल्यांदा तो पोरीवर ओरडला. "खबरदार! इथं बसायचं ते परीक्षेला. चार्ज-बिर्ज घ्यायला नाही."

दहाला पाच कमी असताना तिनं स्टूल आणलं, बापाच्या हाताखालून वाकून आत शिरली आणि टेबल न् खुर्चीच्या मध्ये बसली. पाठीशी बाप, दोन्ही बाजूंना त्याचे हात. लहानपणी स्कूटरवर पुढं उभी राहायची, तशी. दीड तासाचा पेपर. लॅपटॉप एकदाही अडला नाही.

ठप्. ठप्. ठप्.

सव्वाअकराला दाराची कडी वाजली.

उत्कर्षानं वर पाहिलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. रोहिदासला मान वळवता येईना. पावलं आली. जड नव्हती. अनवाणी.

त्याच्या मागं थांबली.

खांद्यावर थाप. एक… दोन.

हात सुटले.

अंगात मुरलेलंच ते. रिलिव्हर आला की मागं बघायचं नाही, जागा द्यायची. रोहिदास उठला. तडक स्वयंपाकघरात गेला. अकरा तासांची तहान. माठातून पेला भरला, घटाघटा प्याला, दुसरा भरला आणि दारात आला.

"पप्पा," उत्कर्षा मान न वळवता म्हणाली, "हात जरा खाली घ्या ना. बटणं दिसत नाहीयेत."

रोहिदासच्या हातात पेला होता.

खुर्ची रिकामी. पण पोरीच्या कुडत्याच्या बाह्या दोन्हीकडून दबलेल्या… कुणीतरी मधोमध धरून बसावं तशा.

बारा मिनिटं उरली होती. ओरडला असता तर ती दचकली असती. उठली असती. परीक्षा गेली असती. आणि दचकून तिचा हात जर भलत्या ठिकाणी पडला असता…

तो ओरडला नाही. पेल्यातलं पाणी पायावर सांडत राहिलं.

"हं," उत्कर्षा म्हणाली. "आता दिसतंय."

बारा मिनिटं. तो दारात उभा. बाह्या तशाच.

शेवटी तिनं उत्तरं पाठवली, सुस्कारा टाकला आणि मान मागं टेकायला गेली.

"उत्कर्षा." तो हळूच म्हणाला. "टेकू नको. खाली वाक. तशीच माझ्याकडे ये."

आवाज समोरून आला. मागून नाही. तिनं बापाकडं पाहिलं. मग स्वतःच्या दोन्ही बाजूंना.

आली. रांगत आली.

नोकरी लागली तिला. त्याच लॅपटॉपवर काम करते, बापाला दुसरा घेऊ देत नाही. पुन्हा कधी काही उमटलं नाही.

पण त्या दुपारी रोहिदास दार बघायला गेला, तेव्हा कडी आतून लावलेलीच होती, रात्री लावली होती तशी. त्यानं ती काढली.

उंबऱ्याबाहेर सेफ्टी शूजचा एक जोड होता. नीट जुळवून ठेवलेला, तोंडं घराकडं, टाचेवर पेनानं लिहिलेलं ४४१७. बिल्डिंगमध्ये कुणाचाच नाही. त्यानं वाकून आत हात घातला.

गरम होता.

घरात आलेला माणूस जाताना शूज घालून जातो ना रे? मागच्या महिन्यात मी गेलो होतो रोहिदासकडं. तो जोड अजून तिथंच आहे.